अर्ध्यावर सुटणाऱ्या गोष्टी

परस्परांपासून शेकडो कोस दूर बसलेल्या दोघांनी आपापले एक पात्र कल्पावे, एकाने गडावरच्या किल्लेदाराचे आणि दुसऱ्याने त्याच गडात वेषांतर करून शिरलेल्या शत्रूच्या हेराचे, आणि मोबाइलच्या पडद्यावर आळीपाळीने पाच-दहा वाक्ये लिहीत त्या दोन पात्रांचे प्राक्तन पुढे न्यावे, या खेळाला आजची मुले ‘रोलप्ले’ किंवा नुसते ‘आरपी’ म्हणतात. हा खेळ आता केवळ पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या आमच्या नेरसारख्या, कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्याचा वर्षाचा हिशेब ठरतो अशा तालुक्याच्या गावातही जेवणे आटोपल्यावर एखाद्या खोलीत एखादी विद्यार्थिनी राज्य गमावलेल्या राणीच्या नावाने लिहीत बसलेली असते आणि तिला उत्तर देणारा गडी नागपुरात, नाशकात किंवा कदाचित परदेशात जागा असतो. वडीलधाऱ्यांची या खेळाविषयीची फिर्याद वेळेच्या अपव्ययाची आहे, आणि ती सर्वस्वी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु खेळणाऱ्यांची स्वतःची जी तक्रार आहे ती मला अधिक विचारार्ह वाटते, आणि ती अशी की गोष्ट अर्ध्यावर सुटते.

ती सुटते कशी, याचा शिरस्ता बहुधा ठरलेला असतो. प्रारंभी उत्साह इतका असतो की एकेक उत्तर पानभर लांबीचे होते, पात्राच्या कुळाची कैफियत, त्याच्या शस्त्राचे वर्णन, त्याच्या बालपणीचे दुःख असे सर्व दप्तर उघडले जाते. मग उत्तरे चार ओळींवर येतात, मग एका ओळीवर, ज्याला ही मुले नापसंतीने ‘वन-लायनर’ म्हणतात. आणि शेवटी एके दिवशी उत्तर येतच नाही, किल्लेदार दरवाजात मशाल धरून उभा तो उभाच राहतो. यावर त्यांच्यात जो उपाय सांगितला जातो तो नवे कथानक आणण्याचा: गडाला वेढा घाला, आग लावा, एखादे मृत पात्र जिवंत करा. माझे मत याच्या उलट आहे. सामायिक गोष्ट घटनांच्या दुर्भिक्षाने मरत नाही, ती प्रतिसादाच्या दुर्भिक्षाने मरते. आणि ज्या दोघांना एकमेकांच्या वाक्यात उत्तर देण्याजोगे काही सापडत नाही, त्यांच्यासमोर दहा वेढे घातले तरी अकराव्या दिवशी त्यांना कंटाळाच येणार.

वरचेच उदाहरण घेऊ. किल्लेदाराने विचारले, तू कोण. हेराने उत्तर दिले, मी व्यापारी आहे. आणि तो थांबला. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते बंद आहे, त्यात समोरच्याला हात घालायला फट नाही. आता दुसऱ्या हेराने लिहिले की मी मिठाचा व्यापारी आहे, मुसळधार पावसातून आलो आहे, बैलांवरच्या गोण्या तेवढ्या उतरवून घ्याव्यात. इथे किल्लेदार म्हणून लिहिणाऱ्याच्या हाती एकाएकी संपत्ती आली. मीठ पावसात भिजले तर पाझरले पाहिजे. या गोण्या पाझरत आहेत की नाहीत हे त्याने पाहावे, पाहून गप्प बसावे, किंवा मुळीच पाहू नये आणि ते त्याच्या हवालदाराच्या ध्यानात यावे. हेराने स्वतःला धोका निर्माण करून समोरच्याला अधिकार दिला, आणि त्या देण्यातूनच पुढच्या आठ रात्रींचा रस निर्माण झाला. या खेळात ज्याला ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राने काय केले हेही आपणच लिहून टाकायचे, तो दोष इतका निंद्य का मानतात तेही यावरून स्पष्ट होते. कारण त्यात समोरच्याचा एकमेव हक्क, उत्तर देण्याचा हक्क, परस्पर जप्त होतो.

हे सारे शिकायला आपल्याला फार दूर जावे लागू नये. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्या वऱ्हाडातल्या घराघरांत भुलाबाई बसते, आणि तिच्यापुढे टिपऱ्या घेऊन गाणी म्हणणाऱ्या मुली महिनाभर जे करीत असतात ते पात्राभिनयाचे एक परिपूर्ण शिक्षण आहे असे मी समजतो. त्या गाण्यांतून सासुरवाशीण बोलते, सासू बोलते, नणंद बोलते, न्यायला आलेला भाऊ बोलतो. ज्या मुलीचे लग्न व्हायला अजून दहा वर्षे अवकाश आहे ती सासू होऊन सुनेची परवानगी अडवते. माहेरी जाऊ का, हा प्रश्न एकच असतो, आणि त्यावर सासू एकामागून एक अट घालीत जाते: अमुक पेर, मग ते उगवू दे, मग त्याला फूल येऊ दे, मग फळ येऊ दे. कथानक म्हणून पाहिले तर यात काहीच घडत नाही, वेढा नाही, आग नाही; पण प्रत्येक अट ही एक वाट बंद करते आणि तिच्याच शेजारी दुसरी किलकिली करते, आणि ती सून कधी सुटते हे जाणून घेण्याची उत्कंठा सहा-सात वर्षांच्या पोरीलाही जागेवर खिळवून ठेवते. आणि गाणी संपल्यावर खिरापत येते तीही झाकलेली. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचे, ओळखायचे. ज्या घरची खिरापत पहिल्या प्रयत्नातच ओळखली गेली त्या घरच्या मुलीचा हिरमोड होतो, म्हणून ती आईच्या मागे लागून असा पदार्थ करवून घेते की जो ओळखण्याजोगा असावा पण सहजासहजी ओळखला जाऊ नये. माहिती किती झाकावी आणि किती वाजू द्यावी याचा याहून नेमका वस्तुपाठ मला ठाऊक नाही. आपल्या पात्राचे सगळे रहस्य पहिल्याच दिवशी वर्णनात लिहून मोकळे होणारे आणि ते अखेरपर्यंत इतके गुप्त ठेवणारे की समोरच्याला त्याचा वासही लागू नये, असे दोन्ही प्रकारचे खेळाडू त्या डब्याजवळ येऊन बसले तर त्यांचे कल्याण होईल.

पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांचेही तसेच आहे. बैल सजून उभे आहेत, तोरण तुटायला अवकाश आहे, आणि एकाने झडती टाकली की दुसऱ्या बाजूने तिला तोडीस तोड झडती यावी लागते. नुसती पाठ केलेली म्हणून भागत नाही, आधीच्याने जो विषय काढला, कुणाच्या बैलाची थोरवी सांगितली, कुणाच्या कारभाराला टोला हाणला, त्याला धरून ती असली तरच लोक दाद देतात. तीच गोष्ट कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या शाहिरांची. कलगीवाल्यांनी शक्तीचे श्रेष्ठत्व मांडावे, तुरेवाल्यांनी शिवाचे, एकाने पुराणातला भेद विचारावा आणि दुसऱ्याने तो उलगडून उलट प्रश्न घालावा, अशी ती झुंज रात्र सरेपर्यंत चाले. हे दोन पक्ष एकमेकांचे प्रतिस्पर्धी असले तरी एकमेकांच्या पोषणावर जगत होते; ज्याला प्रश्न विचारता येत नसे त्याच्यासमोर उत्तम उत्तर देणाराही निष्प्रभ ठरे. पाश्चात्त्य रंगभूमीवरचे एक मर्मज्ञ दिग्दर्शक कीथ जॉनस्टन यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इम्प्रो’ या ग्रंथात उत्स्फूर्त अभिनयाचे जे विवेचन केले त्याचा गाभाही हाच आहे: रंगमंचावर एक नट जे काही बोलतो वा करतो ते दुसऱ्याला दिलेले दान असते, ते स्वीकारून पुढे नेणे हा प्रगतीचा मार्ग आणि ते नाकारून अडवणे हा प्रवेशाचा मृत्यू. अशा अडवणुकीमागे बहुधा भय असते, आपल्या हातून सूत्र निसटेल याचे भय, असेही ते सांगतात; आणि जो खेळाडू आपल्या पात्राला कधीच हरू देत नाही, जखमी होऊ देत नाही, चुकू देत नाही, त्याच्या मनाची स्थिती याहून वेगळी नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. शेवट ठाऊक झाला की रस जातो, म्हणून गोष्ट मोकळी, अनिश्चित, जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यावी, असे पुष्कळांना वाटते. मराठी रंगभूमीचा इतिहास या समजुतीला पुष्टी देत नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा सूत्रधाराने पद्यातून कथाभाग सांगावा आणि पात्रांनी त्या सूत्राला धरून आपली भाषणे आयत्या वेळी करावीत, अशीच तजवीज होती. धनुष्य कोण मोडणार हे प्रेक्षागृहातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पुढे छापील संहितेची ‘बुकिश’ नाटके आली, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, आणि शब्द निश्चित झाले. पण कोकणातल्या दशावताराने जुनी रीत आजपर्यंत सोडलेली नाही. जत्रेच्या रात्री गणपती, सरस्वती, शंकासुर यांचा पूर्वरंग झाल्यावर जे आख्यान लागते त्याची लिखित संहिता नसते. कोणते आख्यान, कोणाचे कोणते पात्र, प्रवेशांचा क्रम काय, एवढे रंगण्याच्या आधी ठरते, आणि बाकीचे सारे एका बाकड्याच्या आणि पेटी-मृदंगाच्या आधारावर पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत उभे राहते. एखादा नट पुराणातला एखादा धर्मसंकटाचा मुद्दा काढतो, समोरचा त्याचे खंडन करतो, आणि दोघांचा वाद असा रंगतो की ज्यांनी तेच आख्यान पूर्वी कितीदा तरी पाहिले आहे ते गावकरी झोप विसरून ऐकत राहतात. त्यांना राजा वाचतो की मरतो हे ऐकायचे नसते. आज हा राजा, या माणसाच्या तोंडून, या प्रश्नाला काय म्हणतो हे ऐकायचे असते.

म्हणून रोलप्ले करणाऱ्या दोघांनी प्रारंभीच बसून एवढा करार करावा, असे मी आग्रहाने म्हणेन: आपले आख्यान कोणते, त्याची मुदत साधारण किती, आणि ते कोठे संपायचे. मुदतीचा उल्लेख मी जाणूनबुजून करतो. भुलाबाई कोजागरीला जाते. पलीकडच्या झाडीपट्टीत, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदिया या भागात, धान कापून झाल्यावर दिवाळीच्या पुढे नाटकांचा जो हंगाम लागतो आणि ज्याचे केंद्र वडसा हे गाव आहे, तोही उन्हाळ्याच्या तोंडाशी आवरतो. ती सारी रंगभूमी शेतकऱ्याच्या सवडीशी जखडलेली आहे आणि म्हणूनच दरवर्षी तिची वाट पाहिली जाते. मोबाइलवरच्या गोष्टीला असा कोणताही ऋतू नसतो. ती रात्री दोन वाजताही चालू शकते आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीही, आणि जे केव्हाही चालू शकते ते कोणत्याही एका वेळी आवश्यक राहत नाही. ज्या मुलांनी आठवड्यातल्या दोन ठरावीक संध्याकाळी लिहायचे आणि परीक्षेच्या काळात खेळ रीतसर तहकूब करायचा असा नियम घातला, त्यांच्या गोष्टी अधिक दिवस टिकतील आणि त्यांच्या आईवडिलांची फिर्यादही निम्मी निकालात निघेल.

खेळाडूंच्या वृत्ती भिन्न असतात हेही ध्यानात घेतले पाहिजे. संगणकावर शब्दांच्या द्वारे अनेकांनी मिळून खेळायचे ‘मड’ नावाचे जग १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघा विद्यार्थ्यांनी उभे केले. त्याच्या चारच वर्षे आधी अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन खेळायचा खेळ छापून आला होता. त्याच बार्टल यांनी १९९६ साली एका निबंधात खेळाडूंचे चार वर्ग सांगितले: कोणी पराक्रम गाठण्यासाठी खेळतो, कोणी ते जग धुंडाळण्यासाठी, कोणी माणसांच्या सहवासासाठी, तर कोणी इतरांवर कुरघोडी करण्यासाठी. राणी म्हणून लिहिणाऱ्या मुलीला दरबारातली माणसे ओळखायची आहेत आणि सेनापती म्हणून लिहिणाऱ्या मुलाला मोहीम जिंकायची आहे, असा प्रसंग वारंवार येतो. त्यात कोणाचाही दोष नसतो, पण खुलासा वेळेवर झाला नाही तर दोघेही समोरच्याला नीरस ठरवून मोकळे होतात. पात्राच्या बाहेर येऊन, ज्याला ही मुले ‘ओओसी’ म्हणतात त्या आपल्या स्वतःच्या आवाजात, मला यातले काय आवडते आणि काय नको हे बोलण्याचा संकोच बहुतेकांना वाटतो. तो सोडावा. दशावतारातले दोन राजे रंगभूमीवर एकमेकांवर शस्त्र उगारतात, परंतु रंगण्याआधी त्यांनी आपसात बोलून घेतलेले असते.

एकच पात्र दीर्घकाळ वागवायचे तर त्याचा कंटाळा कसा येऊ द्यायचा नाही, या प्रश्नावर प्रभाकर पणशीकरांचे नाव घेतल्यावाचून मला राहवत नाही. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आले आणि त्यातला लखोबा लोखंडे, एकाच नाटकात पाच सोंगे घेणारा तो भामटा, पणशीकरांनी कित्येक दशके साकारला. संहिता तीच, संवाद तेच. बदलत होता तो समोरचा प्रेक्षक, आणि त्याच्या श्वासाकडे कान लावून बसलेला नट. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग एकट्याने उभा करणारे लक्ष्मण देशपांडे तर बावन्न पात्रे स्वतःच होत असत, तरी त्यांनाही समोर माणसे लागत. त्यांच्याही खेळातला उरलेला अर्धा भाग प्रेक्षक पुरा करीत होते.

हे सर्व आज इतक्या तपशिलाने लिहिण्याचे निकडीचे कारण निराळे आहे. जोडीदार उत्तर देईनासा झाला की पुष्कळ मुले आता यंत्राकडे वळतात. कृत्रिम बुद्धीची पात्रे पुरवणाऱ्या सेवा २०२२ पासून झपाट्याने पसरल्या. तिथे किल्लेदार कधी झोपत नाही, त्याची परीक्षा नसते, त्याला राग येत नाही, आणि हेराने काहीही लिहिले तरी तो क्षणार्धात सुबक परिच्छेद हजर करतो. एकाकी मुलाला हे आकर्षक का वाटावे ते मला समजते, आणि लेखनाचा सराव म्हणून त्याचा उपयोग होणारच नाही असाही माझा दावा नाही. परंतु ज्याने नकार द्यायचा तो नकार देत नाही, ज्याने गोणीकडे संशयाने पाहायचे तो आपण सुचवू तेच पाहतो, आणि संभाषण फार लांबले म्हणजे आरंभीचा मजकूर त्याच्या आवाक्याबाहेर गेल्याने तो हेराचे नावही विसरून बसतो. भुलाबाईच्या गाण्यातल्या सासूने पहिल्याच विनंतीला होकार दिला असता तर ते गाणे दोन ओळींत संपले असते. शिवाय यात केवळ रसाचा प्रश्न नाही. अशा सेवांतले एक मोठे नाव असलेल्या कॅरॅक्टर एआय या कंपनीने २०२५ च्या अखेरीस अठरा वर्षांखालील मुलांसाठी पात्रांशी मोकळा संवाद बंद केला, तो अल्पवयीनांच्या मनःस्वास्थ्याविषयी उठलेल्या गंभीर तक्रारी आणि न्यायालयीन दावे यांच्या पार्श्वभूमीवर. नेरच्या पालकांना या निर्णयाची वार्ता क्वचितच असेल. मूल कोणाशी लिहिते, माणसाशी की यंत्राशी, ओळखीच्याशी की अनोळख्याशी, हे प्रेमाने विचारून घेणे त्यांचे कर्तव्य आहे. अनोळखी प्रौढ माणूस पात्राच्या आडून मुलाचा पत्ता, छायाचित्र किंवा शाळेचे नाव विचारू लागला तर तो खेळ तत्क्षणी संपला, हे मुलांनाही निःसंदिग्ध शब्दांत सांगितले पाहिजे.

आणखी एक खंत नोंदवतो. यातले पुष्कळसे लेखन इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मोडक्या हिंदीत चालते, आणि आमची मुले ज्या बोलीत भांडतात, रुसतात, टोमणे मारतात, त्या वऱ्हाडीला तिथे प्रवेश नसतो. उसन्या भाषेत पात्राचा राग सरसकट एकाच पट्टीचा होतो, आणि चार उत्तरांनंतर रस का आटला याचे कोडे पडते. आपल्या गावच्या कारभाऱ्याचे, एखाद्या तालेवार आजीचे, बाजारातल्या दलालाचे पात्र वऱ्हाडीत लिहून पाहावे. त्यांच्या बोलण्यात आडवळणे उपजतच आहेत. नेरमधल्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी सुटीच्या दिवशी अशा चार-सहा मुलांना एका टेबलाभोवती बसवून, कागदावर आळीपाळीने लिहायला लावून हा खेळ एकदा उघडपणे खेळू द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. त्याला अनुदान लागत नाही.

राहता राहिला निरोपाचा प्रश्न. नोकरी लागते, शिक्षणासाठी गाव सुटते, घरात आजारपण येते, किंवा खरोखरच मन उडते. गोष्ट सोडावी लागते, आणि त्यात काही पाप नाही. पण न सांगता नाहीसे होणे, ज्याला आता सर्रास ‘घोस्टिंग’ म्हणतात, ते टाळता येते. दोन ओळींचे पत्र लिहावे, माझ्याच्याने आता पुढे जमणार नाही असे सांगावे, आणि शक्य असेल तर अखेरचा एक प्रवेश दोघांनी मिळून लिहून काढावा: हेराला पळून जाऊ द्यावे, किंवा पकडू द्यावे, किंवा किल्लेदाराने त्या कोरड्या गोण्या पाहूनही दरवाजा उघडावा आणि का उघडला ते त्याच्याच तोंडून येऊ द्यावे.